सावलीतली बाग, कमी राबणुकीची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या घराभोवती दोन प्रकारच्या सावल्या आहेत. एका बाजूला जुना आंबा, दुसऱ्या बाजूला इमारतीची उत्तरेकडची भिंत आणि कंपाउंड यांमधला चार फुटांचा बोळ. दोन्ही ठिकाणी मी वीस वर्षं झाडं लावते आहे, आणि पहिली काही वर्षं तर मारतच होते. ओळखीपाळखीच्या लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ती मुख्यतः पुणे, मुंबई, नाशिक, कोकण अशा हवेला लागू पडतील.

आमच्याकडे ऊनच येत नाही. काही लावता येईल का?

येईल, आणि उन्हातल्या बागेपेक्षा कमी कष्टात येईल. सावलीत माती लवकर वाळत नाही, तण कमी उगवतं, झाडं सावकाश वाढतात म्हणून छाटणीही कमी लागते. एकच गोष्ट आधी मान्य करावी लागते: ही पानांची बाग असते, फुलं अधूनमधून. ज्यांना ताटभर फुलं पूजेला हवी आहेत त्यांनी सावलीशी झगडण्यापेक्षा गच्चीवर दोन कुंड्या ठेवाव्यात.

सावली कमी की जास्त हे कसं ठरवायचं?

मोबाइलमधलं प्रकाश मोजायचं ॲप लागत नाही, हात पुरतो. निरभ्र दिवशी दुपारी बाराच्या सुमारास त्या जागेवर जमिनीपासून फूटभर उंचीवर तळहात धरा. हाताची सावली बोटांसकट स्पष्ट पडली तर प्रकाश भरपूर आहे. कडा पुसट, नुसता हाताचा आकार कळतो, तर मध्यम सावली. काहीच उमटलं नाही तर गर्द. हे सकाळी आठला आणि दुपारी चारलाही करा, कारण सकाळचं दोन तास ऊन आणि दुपारचं दोन तास ऊन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सकाळचं ऊन सावलीतल्या जवळजवळ प्रत्येक झाडाला मानवतं. दुपारी तीनचं पान जाळतं.

पावसाळ्यात मोजू नका. ढगाळ दिवशी सगळीच जागा सावलीची वाटते. आणि एकदाच मोजून थांबूही नका. का, ते पुढच्या उत्तरात.

उत्तरेच्या भिंतीलगत डिसेंबरात लावलेली रोपं मे महिन्यात करपली. तिथे तर ऊन येतच नाही!

येतं. मी नेमकी याच चुकीने ॲग्लोनिमाची अख्खी रांग घालवली आहे. नर्सरीवाल्याने सांगितलं, ‘उत्तरेला काहीही लावा ताई, कायम सावली.’ बागकामाच्या बऱ्याच पुस्तकांतही तेच असतं, पण ती थंड देशांतली पुस्तकं. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो, हे त्यांच्या लेखकांना ठाऊक असायचं काही कारण नाही.

शून्य सावली दिवसाच्या, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसाच्या, बातम्या दरवर्षी येतात. पुण्या-मुंबईत तो मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या अखेरीस दुसऱ्यांदा येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे तेव्हा ऊन उत्तरेच्या भिंतीवर पडतं आणि सावली दक्षिणेला. जून-जुलैत ढग असल्यामुळे ते जाणवत नाही, पण मेचा दुसरा पंधरवडा कोरडा असतो आणि रोपं भाजून निघतात. त्याच्या आधी एप्रिलमध्येही दुपारी चारच्या पुढचं तिरकं ऊन उत्तरेच्या बाजूला शिरतंच.

उलट डिसेंबरात पुण्यात दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच चढतो. तीस फूट उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेला सत्तावीस फुटांपर्यंत पोचते. हिवाळ्यात जागा पाहून झाडं निवडली की फसगत ठरलेली.

उपाय दोन. उत्तरेच्या पट्ट्यात मेचं ऊन सोसणारी झाडं लावा: स्नेक प्लांट, स्पायडर लिली, रिओ, तगर. किंवा १५ एप्रिल ते पहिला चांगला पाऊस एवढ्यापुरतं हिरवं शेडनेट बांधा. मी पहिला मार्ग घेतला, कारण दरवर्षी शिडीवर चढायचं तर त्याला कमी राबणूक कसं म्हणायचं?

बहुवर्षायू म्हणजे बारा महिने हिरवं का?

नाही. बहुवर्षायू म्हणजे एकदा लावलं की वर्षानुवर्षं जगणारं. त्यात दोन जाती धरा. एक सदाहरित: नेचे, मनीप्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली. दुसरी आपल्या मोसमी हवेला सरावलेली कंदवर्गीय मंडळी: पावसात उगवतात, दिवाळीनंतर पिवळी पडतात आणि उन्हाळा जमिनीखाली झोपून काढतात. पेव, भुईचाफा, रानहळद, फुटबॉल लिली ही त्यातली. दोन्हींची सरमिसळ हवी. नुसते कंद लावले तर फेब्रुवारीत वाफा उजाड दिसतो, नुसती सदाहरित लावली तर बागेला ऋतूच कळत नाही.

माझा भुईचाफा मेला बहुतेक. पानं सगळी गेली. उकरून पाहू?

कृपा करून उकरू नका. झोपला आहे तो. जागेवर एक ओळखीचा दगड ठेवा, म्हणजे माळी तिथे कुदळ मारणार नाही. (आमच्याकडे मारली आहे. दोनदा.) पाणी बंद केलं तरी चालतं, कोरडा कंद कुजत नाही, ओला कुजतो.

भुईचाफ्याची गंमत ही की तो आधी फुलतो आणि मग पानं काढतो. उन्हाळ्याच्या शेवटी भेगाळलेल्या मातीतून देठाशिवाय थेट पांढरी-जांभळी सुवासिक फुलं वर येतात, पानाचा पत्ता नसतो. फुटबॉल लिलीचंही तसंच. वळवाची एखादी सर आली की मेमध्ये लाल गोळा उगवतो, आणि त्याच्या मागून पानं. हे आफ्रिकेतलं झाड आपल्याकडे इतकं रुळलं आहे की कोकणातल्या कित्येक परसांत ते कुणी लावलं हेही आठवत नाही.

आंब्याखाली काहीच जगत नाही. आंब्याची सावली विषारी असते का?

विषारी नाही, कोरडी असते. आंब्याचा पर्णसंभार वर्षभर दाट राहतो, त्यामुळे हलका पाऊस खाली पोचतच नाही. जो पोचतो तो वरवरच्या बारीक मुळ्या आधी पिऊन टाकतात. तुमच्या रोपांना अन्न कमी पडत नसतं, पाणी कमी पडत असतं.

कुदळ-फावडं बाजूला ठेवा आणि खुरप्याने जागा शोधा. अंगठ्याहून जाड मूळ लागलं की ते तोडू नका, चार बोटं सरकून दुसरीकडे पाहा. मुळांच्या बेचक्यांत खिसे सापडतात, तिथे छोटी रोपं लावा. मोठं रोप आणलं तर त्याच्या मातीच्या गोळ्याला मावेल एवढा खड्डाच मिळत नाही. म्हणून इथे लहान पिशवीतलं स्वस्त रोपच बरं.

‘मग वरून फूटभर नवी माती टाकू का?’ हा हमखास येणारा उपप्रश्न. नको. खोडाभोवती मातीचा ढीग राहिला की साल ओली राहून कुजते आणि पन्नास वर्षांचं झाड अळवासाठी गमावून बसाल. दोन-तीन इंच पालापाचोळा पुरे, तोही खोडापासून वीतभर दूर.

कुंड्या मांडायच्या तर विटांवर ठेवा. थेट जमिनीवर ठेवलेल्या कुंडीत आंब्याची मुळं खालच्या भोकातून वर शिरतात. वर्षभराने मी एक कुंडी उचलायला गेले तर ती जमिनीशी शिवली गेली होती.

आंब्याखाली माझ्याकडे टिकलेली: स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट, सिंगोनियम, साधा नेचा, आणि जिथे ठिबकचं पाणी मिळतं तिथे पीस लिली.

त्याच आंब्याखालच्या झाडांची पानं जानेवारीनंतर चिकट आणि काळी होतात. कुठला रोग?

रोग तुमच्या झाडांचा नाही. मोहोर आला की आंब्यावर तुडतुडे येतात. त्यांचा गोड चिकट स्राव खाली ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी, म्हणजे काजळी, वाढते. बुरशीनाशक फवारून पैसे घालवू नका. आठवड्याला एकदा पाइपाने पानं धुवा, रुंद पानं ओल्या फडक्याने पुसा. म्हणूनच आंब्याखाली गुळगुळीत पानांची झाडं बरी. लव असलेल्या पानांवरची काजळी निघत नाही.

अगदी गर्द सावलीत, हाताची सावलीच पडत नाही अशा बोळात काय लावू?

यादी छोटी आहे, आणि ती छोटी आहे हेच उत्तर. स्नेक प्लांट, झीझी प्लांट, गडद हिरव्या पानांचं ॲग्लोनिमा, मनीप्लांट, साधा नेचा. पानांवर जितका पांढरा-पिवळा रंग जास्त तितका हिरवा भाग कमी, म्हणून त्याला प्रकाश जास्त लागतो. चट्ट्यापट्ट्यांचा मनीप्लांट अंधारात हिरवा होत जातो त्याचं कारण हेच. क्रोटन तर असा बोळात नेऊन ठेवला की सगळे रंग विसरतो.

दुकानात ‘इनडोअर’ म्हणून विकली जाणारी ही बहुतेक झाडं मुळात उष्ण प्रदेशातल्या रानांत मोठ्या झाडांच्या पायाशी वाढणारी आहेत. घरात ती तग धरून असतात, झाडाखालच्या जमिनीत खरी खुलतात. मनीप्लांट एकदा झाडाच्या खोडावर चढू द्या, पान हातभर रुंद होतं आणि फाटतं. पाहुणे विचारतात, ‘हे कुठलं झाड?’

पण थोडी तरी फुलं हवीत.

रास्त आहे. मध्यम सावली आणि सकाळचं दोन-तीन तास ऊन असेल तर पर्याय बरेच आहेत.

सोनटक्का सगळ्यात आधी. श्रावणापासून आश्विनापर्यंत फुलतो, गौरी-गणपतीत संध्याकाळी सगळा बोळ घमघमतो. ओल भरपूर हवी. गच्चीवरून येणारा पाण्याचा पाइप जिथे उतरतो ती जागा त्याची. अगदी अंधारात मात्र चार फूट उंच पानं देतो आणि फूल देत नाही. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो बुडातून कापा. वर्षातलं त्याचं काम एवढंच. तीन-चार वर्षांनी गड्डे दाटले की पहिल्या पावसात फोडून वाटा.

अबोली अर्ध्या सावलीत जवळजवळ वर्षभर फुलते. तिची वाळलेली बोंडं पाण्याचा थेंब पडताच तडकतात आणि बी उडतं, त्यामुळे एकीच्या दहा होतात. पेवाची पांढरी फुलं लाल कणसांतून पावसाळ्यात निघतात आणि फुलं गळल्यावरही लाल कणीस बरेच दिवस शोभतं. पीस लिलीला सावलीइतकं दुसरं काही आवडत नाही. कोरांटी दिवाळीच्या सुमारास फुलते आणि दुर्लक्षावर जगते. झुडपांत तगर आणि कुंती; दोन्ही उन्हात जास्त फुलतात, पण अर्ध्या सावलीत रुसत नाहीत.

अनंताबद्दल थोडं हात राखून सांगते. अर्धी सावली त्याला मानवते, कोकणातल्या जांभ्याच्या आंबट मातीत तर तो माजतो. घाटावर बोअरच्या जड पाण्यावर मात्र पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कळ्या गळतात. मग लोहाची फवारणी वगैरे सुरू होतं. पावसाचं पाणी साठवून घालणार असाल तरच त्याच्या नादी लागा.

खायच्या उपयोगाचं काही?

माझ्या मते सावलीच्या बागेचं खरं सुख इथे आहे, आणि लोक ते विसरून शोभेच्या कुंड्या आणतात.

अळू. फदफद्याचं हिरव्या देठाचं आणि वडीचं काळ्या देठाचं, दोन्ही लावा. पूर्वी ते मोरीच्या पाण्यावर वाढायचं. आता त्या पाण्यात साबणाचा आणि फिनेलचा अंश फार असतो, म्हणून स्वयंपाकघरातलं तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी घाला. बाहेरची पानं तोडत राहा, आतून नवी येतात.

हळद. नारळी-पोफळीच्या सावलीत कोकणात ती आंतरपीक म्हणून घेतातच. मेअखेरीस चार गड्डे पुरले की श्रावणात पातोळ्यांना पानं घरची. सगळी खणून काढली नाही तर पुढच्या पावसात आपोआप उगवते. आंबेहळदीचंही तसंच, तिचं लोणचं वेगळं.

नागवेलीला तर थेट ऊन नकोच असतं. खोडाचा किंवा जाळीचा आधार आणि रोजची ओल द्या, जेवणानंतरच्या विड्याची सोय झाली. काळी मिरीचा वेल कोकणात आंब्यावर-पोफळीवर चढवतात. देशावर तो जगतो, पण हवेत दमटपणा नसल्याने मिरी धरण्याची फार आशा करू नका. पिंपळी जमिनीवर पसरते आणि मोकळी माती झाकते. पुदिन्याला आणि पानओव्याला सकाळचं ऊन मिळेल अशी कड द्या.

तुळस सावलीत मरते का?

हो. तुळस, मोगरा, जास्वंद, गुलाब, शेवंती ही उन्हाची झाडं. तुळस सावलीत उंच, बारीक आणि किडकी होते आणि घरातल्या कुणाला तरी अपशकुन वाटतो. वृंदावन उन्हात हलवा, शकुन सुधारेल. कढीपत्ता अर्ध्या सावलीत मरत नाही, पण वाढतही नाही. फोडणीपुरती पानं मिळतात.

सावलीत लॉन येईल?

नाही. हरळीला ऊन लागतं. दरवर्षी नवे चौकोन आणून अंथरणारी माणसं मी पाहिली आहेत. पावसाळ्यात हिरवं, मार्चमध्ये टक्कल. त्याऐवजी मोंडो ग्रास लावा. ते गवत नाही, पण दिसतं तसं. कापावं लागत नाही. फक्त सावकाश पसरतं, त्यामुळे सहा इंचांवर लावलं तरी जमीन झाकायला दीड-दोन वर्षं जातात. रोज चालायची वाट असेल तर फरशा टाका, हे सगळ्यात कमी राबणुकीचं ‘झाड’.

माती कशी हवी?

काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचतं आणि कंद कुजतात, उन्हाळ्यात भेगा पडतात. तिच्यात पालापाचोळ्याचं खत, भाताची तूस, विटांचा चुरा मिसळा आणि वाफा जमिनीपासून अर्धा फूट उंच करा. तांबड्या-जांभ्याच्या मातीचं उलटं: निचरा छान, पण पाणी धरत नाही, म्हणून सेंद्रिय खत भरपूर. नव्या इमारतींच्या कडेला बहुधा मातीच नसते, नुसता सिमेंटचा राडारोडा असतो. तो फूटभर तरी काढून टाकल्याशिवाय पुढचं काही करू नका. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळलं तर दहा वर्षं छळतं.

पाणी किती?

बोट मातीत दोन पेरं खुपसा. ओलं लागलं तर नको, कोरडं लागलं तर द्या. सावलीतली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरतात. पीस लिली मान टाकून सांगते, पाणी दिलं की तासा-दोन तासांत उभी राहते. स्नेक प्लांट काही सांगत नाही आणि एक दिवस बुडातून निखळून हातात येतो. त्याला उन्हाळ्यातही दहा-बारा दिवसांनी एकदा पुरे.

मार्च ते मेसाठी ठिबकची एक नळी टाका. बाकी वर्षभर तिची गरज पडत नाही, पण गावाला गेल्यावर शेजाऱ्यांना किल्ली द्यावी लागत नाही. आणि पागोळ्यांखाली झाड लावू नका. कौलावरून किंवा पत्र्यावरून पडणारी धार मुळं उघडी पाडते. त्या रेषेत खडी टाका.

खत?

वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, दर झाडाला एक-दोन मुठी गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत. सावलीत झाड कमी प्रकाशावर जगतं, त्याची भूकही कमी असते. युरिया घातला की लांबट, मऊ वाढ होते आणि पिठ्या ढेकूण येतो. आलाच तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. गळलेली पानं जाळू नका, पोत्यात भरून देऊन टाकू नका. तिथेच झाडांखाली सारा.

पावसाळ्यात गोगलगायी सगळं खातात.

सावलीच्या बागेचा हा एकमेव खरा शत्रू, विशेषतः मोठी आफ्रिकी गोगलगाय. मीठ टाकू नका, त्याने माती बिघडते. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्यात अंथरा, त्याखाली कोबीची किंवा पपईची पानं ठेवा. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. पहिल्या पावसानंतर सलग दहा-पंधरा दिवस हे केलं तर त्या अंडी घालायच्या आत कमी होतात. बाजारात मिळणारी विषारी दाणेदार आमिषं कुत्र्यामांजरांनाही मारतात.

साप येतील का?

सासूबाईंचा पहिला प्रश्न हाच होता. साप झाडांसाठी येत नाहीत, उंदीर आणि बेडकांसाठी येतात. कचरा, विटांचे ढीग, पक्ष्यांना घातलेलं धान्य आवरलं तर बरंच काम होतं. दाराजवळ आणि पायवाटेच्या कडेला दाट गचपण नको, तिथे स्पायडर प्लांटसारखं बुटकं लावा. रात्री बागेत बॅटरीशिवाय जायचं नाही. सर्पगंधा, वेखंड, लसूण लावली की साप येत नाहीत असं सांगणारे भेटतील. वेखंड हवं तर औषधाला लावा, राखणीला नको. दिसलाच तर काठी घेऊ नका, सर्पमित्राला बोलवा.

डास?

पानांत डासांची पैदास होत नाही, साचलेल्या पाण्यात होते. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून दर रविवारी एक फेरी मारून साचलेलं पाणी ओतलं की चक्र तुटतं. नारळाच्या करवंट्या आणि उलटी न ठेवलेली बादली विसरू नका.

घरात रांगतं बाळ आणि कुत्रा आहे. कुठली झाडं टाळू?

डिफेनबेकिया तर नकोच. मनीप्लांट, मॉन्स्टेरा, पीस लिली, ॲग्लोनिमा, कॅलेडियम ही सगळी अळवाच्या कुळातली आणि कच्च्या अळवासारखीच खाजरी: पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आपण अळवात चिंच घालतो. कुत्रा घालत नाही. तोंड सुजतं, लाळ गळते. नेचे, स्पायडर प्लांट, अबोली निर्धास्त लावा.

सोसायटी म्हणते झाडांमुळे भिंतीला ओल येते.

कधी कधी त्यांचं बरोबर असतं. भिंतीपासून दीड फूट मोकळा ठेवा, त्यात खडी घाला, मातीची पातळी जोत्याच्या खालीच राहू द्या. आणि ओलीचं खरं कारण वरच्या मजल्याचा फुटका पाइप नाही ना, हे बैठकीत विचारा.

वरच्या फांद्या तोडून थोडं ऊन आणू का?

मनाने नको. शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड तुमच्या आवारात असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मिळाली तर आंबा उतरल्यावर आतल्या गर्दीच्या आणि वाळक्या फांद्यांची विरळणी करा. शेंडा छाटला की वर आणखी दाट छत्री होते.

घाटातून नेचे, रानहळद, आमरी (ऑर्किड) आणली तर?

आणू नका. बहुतेक मरतात, आणि तिथली जागा रिकामी होते. रानहळदीचे आणि सफेद मुसळीचे कंद लागवडीतून मिळतात. सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात ‘बोरिविलिअनम’ आहे, म्हणजे आपली बोरिवली. लोकलच्या स्टेशनाचं नाव मिरवणारं झाड बागेत असावं, असं मला वाटतं.

कुठलं झाड लावल्याचा पस्तावा होतो?

वेडेलिया. पिवळी फुलं छान, पण ती शेजारच्याच्या, त्याच्याही शेजारच्याच्या आवारात गेली. सिंगोनियम मला आवडतं, पण त्याचा प्रत्येक तुकडा मूळ धरतो, म्हणून छाटलेलं नाल्यात किंवा टेकडीवर फेकू नका.

एकदा नीट मांडून द्या: १२ फूट बाय ४ फूट पट्टा, मध्यम सावली.

मागे, भिंतीपासून दीड फूट सोडून, दोन-दोन फुटांवर सोनटक्क्याचे पाच गड्डे. त्यांच्या मधल्या जागांत हळद. पुढच्या ओळीत आलटून पालटून तीन पीस लिली आणि तीन नेचे. कडेला नऊ इंचांवर स्पायडर प्लांट, साधारण सोळा. ऊन जास्त लागणाऱ्या टोकाला स्नेक प्लांटचं एक बेट. पीस लिलीच्या पायाशी फुटबॉल लिलीचे चार-पाच कंद पुरून ठेवा आणि विसरून जा.

जूनच्या मध्याला, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावा. पहिल्या वर्षी पट्टा विरळ दिसेल, जास्त झाडं कोंबायचा मोह होईल. त्या मोकळ्या मातीवर पालापाचोळा अंथरा आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत तण उपटत राहा. तिसऱ्या वर्षापासून माझ्याकडे काम उरतं ते असं: जूनमध्ये एक सकाळ गड्डे फोडायला, गोगलगायींचा पंधरवडा, ऑक्टोबरात एक सकाळ खताला आणि वाळके दांडे कापायला, फेब्रुवारीत काजळी धुणं, आणि एप्रिलमध्ये ठिबकची तुंबलेली भोकं टाचणीने मोकळी करणं. या शेवटच्या कामासाठी चष्मा लागायला लागला आहे.